इंचभर बाहेर आलेलं चाक

पत्र: काका, नमस्कार. मी तासगावचा. गेल्या दिवाळीत २०१९ची स्विफ्ट सेकंडहँड घेतली. पहिल्या मालकाने बाहेरून घेतलेले पंधरा इंची अलॉय टाकलेत, पण चाकं मडगार्डच्या आत बुडाल्यासारखी दिसतात, मागची तर फारच. गाड्यांचं काम करणारा एक मित्र म्हणतो, पुढे २० आणि मागे २५ एमएमचे स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवायला रिमच्या मागे घालायच्या जाड चकत्या, टाकू; गाडी भरल्यासारखी दिसेल आणि घाटात रस्ता धरून चालेल. चारींचे मिळून साडेपाच हजार सांगितलेत, हजार रुपये मी देऊनही बसलोय. दुसरा एकजण म्हणतो, एवढे पैसे कशाला घालवतोस, लेथवर पाच एमएमच्या चकत्या काढून देतो. वडील म्हणतात, कंपनीने डोकं लावून बनवलेल्या गाडीत हात घालू नकोस, चाक निखळेल. सासुरवाडी रत्नागिरीला, महिन्यातून एकदा तरी आंबा घाट उतरतो. गाडीत बायको, लहान मुलगी आणि बरेचदा आई-वडीलही असतात. रिमच्या आत ५.५ आणि ईटी ४५ असं कोरलंय. घालू की नको, एवढंच सांगा. — वाचक, तासगाव

उत्तर:

एवढंच सांगायचं तर २०-२५चे घालू नका, आणि लेथच्या चकत्या तर मुळीच नकोत. पण तेवढ्याने तुमचं समाधान होणार नाही. मित्र समोर बसून “अरे, सगळे लावतात” म्हणाला की माझं “नको” तिथे दोन मिनिटंही टिकायचं नाही. त्यामुळे कारणं सांगतो. ती मित्रालाही ऐकवा, आणि वडिलांनाही. कारण वडिलांचा निर्णय मला पटतो, पण त्यामागचं कारण पूर्ण पटत नाही.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. चाक बाहेर येणं ही एक, आणि हब (चाक ज्यावर बसतं तो गाडीकडचा फिरता भाग) व रिम यांच्यामध्ये स्पेसरचा आणखी एक तुकडा येणं ही दुसरी. दोन्हींचे फायदे वेगळे, दुखणी वेगळी. लोक त्यांची सरमिसळ करतात, म्हणून दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलणारे अर्धवट बरोबर असतात.

आधी बाहेर येण्याचं बघू.

रिमवरचा तो ईटी ४५ म्हणजे ऑफसेट. रिमच्या रुंदीचा बरोबर मध्य काढला, तर हबला टेकणारा पृष्ठभाग त्या मध्यापासून ४५ एमएम बाहेरच्या बाजूला आहे. हा आकडा जितका मोठा, तितकं चाक गाडीच्या आत. मध्ये २५ एमएमचा स्पेसर आला की ४५चे २० झाले; गाडीच्या दृष्टीने तुम्ही ईटी २०चं रिम लावलंत. दोन्ही बाजू धरल्या तर मागच्या चाकांमधलं अंतर ५ सेंटीमीटरने वाढलं.

त्याने दिसायला फरक पडतो, हे मी नाकारणार नाही. चाक मडगार्डच्या कडेशी आलं की गाडी पाय रोवून उभी आहे असं वाटतं. मीसुद्धा तुमच्या वयात जीपच्या लोखंडी रिमा कापून, मध्ये पट्टी वेल्ड करून रुंद करून घेतल्या होत्या. दिसायला झकास. नंतर पंक्चर काढणाऱ्याने दर महिन्याला मला ज्या शिव्या घातल्या, त्या इथे छापता येणार नाहीत.

घाटात रस्ता धरण्याचं काय? तत्त्व खरं आहे. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. किती सरकेल ते गाडीचं वजन, वळणातला जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांतलं अंतर यावर ठरतं. अंतर वाढलं की सरकणारा भार कमी होतो. पण किती? तुमच्या गाडीत ते अंतर ढोबळमानाने दीड मीटर आहे. पुढे ४ आणि मागे ५ सेंटीमीटर वाढलं, म्हणजे जेमतेम तीन टक्के. आंबा घाटात बसलेल्या माणसाला हे तीन टक्के कळणार नाहीत. टायरात हवा चार पौंड कमी-जास्त असली तर ते मात्र कळेल. मित्र खोटं बोलत नाही, पण तो शंभर रुपयांच्या नोटेतले तीन रुपये दाखवून नोट दिली म्हणतोय.

या तीन टक्क्यांची किंमत मोजावी लागते पुढच्या चाकांत. स्टिअरिंग वळवल्यावर पुढचं चाक ज्या तिरक्या रेषेभोवती फिरतं, ती शॉकअपच्या वरच्या टोकापासून खालच्या बॉल जॉइंटमधून जमिनीपर्यंत ओढा. ती जमिनीला टेकते तो बिंदू आणि टायर जमिनीला टेकतो त्याचा मध्य, यांतलं अंतर गाडी बनवणारा फार विचार करून ठरवतो. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या पुष्कळ गाड्यांत तो टायरचा मध्य मुद्दाम त्या बिंदूच्या किंचित आत ठेवतात. १९७२च्या ऑडी ८०पासून ही पद्धत नावारूपाला आली. कारण साधं आहे. ब्रेक दाबताना एका बाजूची चाकं ओल्या मातीवर आणि दुसरी डांबरावर असली, तर गाडी डांबराच्या बाजूला ओढली जाते. मध्य आत असला, तर तोच ब्रेकचा जोर चाक किंचित उलट दिशेला वळवतो आणि ओढ बऱ्याच अंशी तिथल्या तिथे मारली जाते. ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही.

आता चाक २० एमएम बाहेर काढलं की तो मध्यही २० एमएम बाहेर गेला. जिथे तो आत होता तिथे बाहेर आला, आणि सांभाळून घेणारी व्यवस्था ओढ वाढवणारी झाली. घाटात पावसाळ्यात डावीकडची चाकं कडेच्या चिखलात, समोरून एसटी, आणि तुम्ही ब्रेक दाबलात. त्या वेळी हा फरक हाताला कळतो. एरवीही एक चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग झटका मारतं, रस्त्यावरच्या चाकोरीत गाडी आपणहून शिरायला बघते. या एका कारणासाठी मी पुढच्या चाकांच्या बाबतीत जास्त कडक आहे. मागची चाकं वळत नाहीत, तिथे ही भानगड नाही.

बेरिंगचं म्हणाल तर त्याबद्दल जितकी भीती घालतात तितकं ते रातोरात जात नाही. भरलेली घागर कडेवर धरली आणि तीच हात लांब करून धरली, वजन तेवढंच, पण खांदा वेगळं सांगतो. चाक बाहेर काढणं म्हणजे घागर थोडी लांब धरणं. पाच-दहा एमएमने बेरिंगचं आयुष्य थोडं घटतं, २५ने बरंच, आणि खड्ड्यातला प्रत्येक दणका त्या लांबीने गुणला जातो. तासगाव-रत्नागिरी रस्त्याचं मी तुम्हाला काय सांगावं! बेरिंग जायला लागलं की साठ-सत्तरच्या वेगाला घूं घूं असा आवाज येतो. डावीकडे वळताना तो वाढला तर बहुधा उजवं बेरिंग, उजवीकडे वळताना वाढला तर डावं. भार बाहेरच्या चाकावर जातो ना, म्हणून. हे स्पेसर न घालताही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

बाकी किरकोळ: टायर मडगार्डच्या बाहेर डोकावला की दगड-चिखल थेट दारांवर. रिकाम्या गाडीत सगळं ठीक वाटतं, आणि मागे आजी-आजोबा, डिकीत आंब्याच्या पेट्या अशी गाडी बसली की टायर मडगार्डची कड खरवडतो. पुढे स्टिअरिंग पूर्ण वळवलं की बंपरच्या कोपऱ्याला घासतो. आणि उगाच पसरलेल्या दोन-तीन अफवाही इथेच निकालात काढतो. स्पेसरने एक्सल तुटत नाही, स्पीडोमीटर चुकत नाही (टायरचा घेर बदलतच नाही), आणि मायलेजमध्ये तुम्हाला कळेल असा फरक पडत नाही.

आता लक्षात घ्या, आतापर्यंत जे सांगितलं ते सगळं स्पेसरशिवाय नुसतं ईटी २०चं रिम आणून लावलं तरी तसंच होणार आहे. म्हणून “स्पेसर नको, लो ऑफसेट रिम घे, काही होत नाही” असं सांगणारा भेटला तर त्याचंही अर्धंच ऐका. चाक मुळात कुठे आहे याला बेरिंग आणि स्टिअरिंग जाब विचारतात. ते कशामुळे तिथे आलं याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

मधल्या तुकड्याचं दुखणं मात्र निराळं आहे, आणि वडिलांची “चाक निखळेल” ही भीती तिथली आहे.

चाकाला धरून कोण ठेवतं? दहातले नऊ जण सांगतील, चार स्टड. गाडीचं वजन त्या चार खुंट्यांवर टांगलंय असंच चित्र आपल्या डोक्यात असतं. ते तसं नाही. नट आवळला की स्टड ताणला जातो, अगदी रबरासारखा, फक्त फार थोडा. तो ताण रिमला हबवर दाबून धरतो. १२ एमएमचा स्टड १०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळला, तर ढोबळ हिशोबाने एकेका स्टडमागे चार टनांचा दाब तयार होतो. चार स्टडचे मिळून सोळा टन. या दाबामुळे रिम आणि हब यांच्यात जे घर्षण होतं, ते गाडीचा भार, ब्रेक, वळण सगळं पेलतं. स्टडचं काम दाबून धरायचं, आडवा मार खायचं नाही. दाब गेला की मग तो आडवा मार खायला लागतो, आणि दिवसाला हजारो वेळा वाकून-सरळ होऊन एक दिवस तुटतो.

आता तो स्टड ताणतो किती? एवढ्या दाबाला साधारण एका मिलिमीटरचा विसावा भाग. तेवढ्याशा ताणावर सोळा टन उभे आहेत. आणि रिम किंवा स्पेसरवर पावडर कोटिंगचा जो थर असतो, तो बहुतेक वेळा त्याहून जाड. तो थर दोन पृष्ठभागांच्या मध्ये राहिला, घाट उतरताना ब्रेकच्या उष्णतेने मऊ झाला आणि थोडा दबला, की स्टडचा ताण गेला. नट तिथेच आहे, दिसायला घट्ट, पण दाब संपला. हबवरचा गंज साफ न करता बसवला तरी हेच. म्हणून जितके पृष्ठभाग जास्त तितक्या चुकीच्या जागा जास्त. रिम थेट हबवर असेल तर एक सांधा. बोल्टवाला स्पेसर आला की दोन: स्पेसर हबवर आवळलेला, आणि रिम स्पेसरवर. त्यातले आतले चार नट चाकामागे झाकलेले. ते सैल झालेत का हे बघायला चाक काढावं लागतं. रस्त्यावर पंक्चर काढणारा बाहेरचे चार नट आवळून देईल. आत आणखी चार आहेत हे त्याला कोण सांगणार?

लेथच्या चकतीची गोष्ट तर आमच्याच गॅरेजमधली. एक हॅचबॅक आली, ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं म्हणून. मालकाने तीन ठिकाणी बॅलन्सिंग करून घेतलं होतं, दोन ठिकाणी अलाइनमेंट. पोराला म्हटलं, चाक काढ, पण नट इम्पॅक्ट गनने नको, हाताने सोडव आणि किती फेरे होतात ते मोज. साडेचार फेऱ्यांत नट हातात आला. आत चकती. स्टडचा व्यास जितका, निदान तितक्या लांबीवर नटाने आटे धरायला हवेत, हा जुना नियम. तुमच्या स्विफ्टचा स्टड १२ एमएमचा, आट्यांचं अंतर १.२५. म्हणजे नट साडेनऊ-दहा फेरे बसायला हवा. पाच एमएमची चकती त्यातले चार फेरे सरळ खाते.

आणि थरथर कशाची? हबच्या मध्यभागी एक गोल ओठ बाहेर आलेला असतो, स्विफ्टला ५४.१ एमएमचा. रिमचं मधलं भोक त्यावर नेमकं बसतं, म्हणून चाक मधोमध राहतं. त्या चकतीने ओठाचा बराच भाग गिळला होता, आणि लेथवाल्याने भोक ‘सहज बसावं’ म्हणून दोन एमएम मोठं ठेवलं होतं. रिमला मध्य दाखवणारं कुणी उरलंच नव्हतं. शंकूच्या आकाराचे नट ओढतील तिकडे ते बसत होतं. लेथवाला हुशार माणूस होता, काम सुबक होतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की हे कशासाठी आहे. चकत्या काढल्या, हब तारेच्या ब्रशने घासला, थरथर संपली. मालकाने चकत्या घरी नेल्या, बहुतेक पेपरवेट म्हणून.

स्टड बदलून लांब टाकू, असाही एक उपाय सांगतात. चालतो, पण टोपी असलेले बंद नट असतील तर लांब स्टड टोपीच्या तळाला जाऊन टेकतो. पाना घट्ट लागतो, हाताला वाटतं आवळलं, आणि रिमवर दाब शून्य. स्टेपनीचं रिम पातळ असेल तर हे हमखास होतं.

मग स्पेसर कधी योग्य? काही वेळा असतोही. पॉर्शसारखी कंपनी स्वतःच काही मॉडेलना पाच एमएमचे स्पेसर देते. पण त्यांनी स्टडची लांबी, बेरिंग, मडगार्ड सगळं धरून तो बसवलेला असतो. जर्मनीत बाहेरून लावायचा तर मान्यतेचा कागद लागतो, आणि बरेचदा तपासणाऱ्या अभियंत्याकडे गाडी न्यावी लागते. मोठे ब्रेक टाकले आणि कॅलिपर रिमला लागतोय, किंवा टायर आतून शॉकअपला घासतोय, म्हणजे चाक चुकीच्या जागी आहे आणि ते योग्य जागी आणायचंय, तिथे स्पेसर औषध आहे. तुमच्या तासगावातच बघा, पिकाच्या ओळीप्रमाणे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांतलं अंतर बदलतात. तबकडी उलटी बसवतात, रिमची जागा फिरवतात. चाक बाहेर काढणं हा गुन्हा नाही, हे वडिलांनाही पटेल. पण ट्रॅक्टर ते सोसेल असा बनवलेला असतो, अंतरं पुस्तकात लिहून दिलेली असतात, आणि तो घाटात ऐंशीने पळत नाही. रॅलीच्या गाड्यांचं उदाहरण मित्र देईलच. त्याला सांगा, तिथे दर सर्व्हिसला चाकं उतरतात आणि नट टॉर्क पान्याने मोजून आवळतात.

कायद्याचंही दोन ओळींत सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये केरळच्या एका प्रकरणात हे कडकपणे सांगितलं. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये नियमबाह्य बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. कायद्यात ‘स्पेसर’ हा शब्द नाही, म्हणून तो चालतो असा अर्थ काढू नका. पोलीस अडवतील न अडवतील. विम्याचा सर्व्हेअर मात्र अपघातानंतर चाक काढून बघू शकतो, आणि न कळवलेला बदल दिसला की वाद तिथून सुरू होतो.

तुमच्या गाडीचं आता.

पहिलं काम, सुट्टीच्या दिवशी एक चाक उतरवा. रिम बाहेरचं आहे म्हणालात. अशा पुष्कळ रिमांचं मधलं भोक ७३.१ एमएमचं असतं, म्हणजे तुमच्या हबपेक्षा खूप मोठं. फट भरायला प्लास्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची रिंग येते. पहिल्या मालकाने त्या टाकल्यात का, की टायर बदलताना कुठे हरवल्या, ते बघा. नसतील तर स्पेसरचा विचार सोडा, आधी त्या चार रिंगा आणा. नट सोडवताना फेरेही मोजा.

दुसरं, मागे तिघं बसवून, डिकी भरून मडगार्ड आणि टायर यांच्यात किती जागा उरते ते बोटाने बघा. दोन बोटंही उरत नसतील तर बाहेर काढण्याचा विषय तिथेच संपला.

एवढं होऊनही चाक थोडं बाहेर हवंच असेल, तर हे रिम विका आणि ५.५ इंचच रुंदीचं, ईटी ३५ ते ३८च्या आसपासचं, पीसीडी ४ बाय १००चं (म्हणजे १०० एमएम व्यासाच्या वर्तुळावर नटांची चार भोकं असलेलं) रिम शोधा. सात ते दहा एमएम बाहेर येईल. दिसण्यात फरक पडेल. बेरिंग आणि स्टिअरिंग कुरकुर करतील, पण भांडणार नाहीत. आणि सांधा एकच राहील, जो कुठल्याही पंक्चरवाल्याला कळतो. मित्र म्हणेल रिमाला पैसे जास्त. हो, जास्तच.

मित्राचा आग्रह मोडवत नसेल, तर निदान पुढे काही घालायचं नाही. मागेही बोल्टवाला घालायचा तर तो ५४.१च्या ओठावर नेमका बसणारा आणि पुढे स्वतःचा तसाच ओठ असलेला, ओतीव नसलेल्या चांगल्या प्रतीच्या अ‍ॅल्युमिनियमचा, टेकणाऱ्या पृष्ठभागांवर रंग नसलेला. गाडीचे मूळ स्टड स्पेसरच्या बाहेर डोकावता कामा नयेत, नाहीतर रिम सपाट बसत नाही. आट्यांना ग्रीस-तेल लावू नका. तेलकट आट्यावर तोच पाना स्टड जास्त ताणतो. नट टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. शंभर किलोमीटरनंतर चाक काढून आतले नट पुन्हा तपासायचे, आणि मग दर सर्व्हिसला. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियम लोखंडी हबला असं चिकटतं की हातोडा मारून काढावं लागतं, म्हणून वर्षातून एकदा ते सोडवून साफ करायचं. हे सगळं वाचून कंटाळा आला असेल, तर तुमच्याकडून ते होणार नाही. मग लावूच नका.

घाटात गाडीने रस्ता धरावा ही इच्छा खरी असेल, तर साडेपाच हजार दुसरीकडे खर्चा. टायरच्या बाजूला डीओटीच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ‘१८१९’ असेल तर २०१९च्या अठराव्या आठवड्यातला टायर. गाडी २०१९ची, दोन-चार टायर अजून मूळचेच असण्याची शक्यता बरीच. ओल्या आंबा घाटात जुना, कडक झालेला टायर बदलून जो फरक पडतो, तो जगातला कुठलाही स्पेसर देणार नाही. हजार रुपये दिलेत त्याबद्दल मित्राला म्हणा, त्यात पुढच्या चाकांचं अलाइनमेंट, चारींचं बॅलन्सिंग आणि हब साफ करून दे. चांगला मित्र असेल तर तो पानाही मोजून लावेल.

आणि गाडी जॅकवर असेल तेव्हाच स्टेपनी काढून तिच्यावरचे चार आकडे आणि हवा बघून घ्या. दिवाळीत गाडी घेतल्यापासून ती तुम्ही बाहेर काढली नसेल, असा माझा अंदाज आहे.